चॉकलेटी सफारी

माझा स्वभाव संशयी आहे. घराण्यातच आहे ते. माझे वडील दुधात बोट बुडवून बघत आणि मगच गवळ्याला रामराम घालत. त्यामुळे आमच्या बॉसनं मला एकदा अचानक शुक्रवारच्या जेवणाला बोलावलं, तेव्हा आनंद व्हायच्या आधी वाटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये, मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत मी इंजिनिअर होतो. दर शुक्रवारी दुपारी आमच्या डिपार्टमेंटमधली मंडळी बॉसबरोबर कुठंतरी जेवायला जात आणि परत येताना एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. सोमवारच्या मीटिंगमध्ये कळायचं की निम्मे निर्णय त्या जेवणातच होऊन गेलेत. मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी आपला माझ्या टेबलापाशी डबा उघडून पोळीभाजी खायचो आणि कोण कुणाच्या गाडीतून गेलं ते खिडकीतून बघायचो.

ते कुठं जातात, हे मला माझ्या रूममेटनं सांगितलं. तो पुण्याचा, हॉस्पिटलमध्ये रेसिडेन्सी करणारा डॉक्टर. त्याला या देशातलं सगळं माहीत असायचं.

"अरे, तो स्ट्रिप क्लब आहे," तो म्हणाला. "दुपारी बुफे लंच असतं, समोर बायका कपडे काढून डान्स करतात. तुम्हा ऑटोवाल्यांचा सगळा बिझनेस तिथंच डिसाइड होतो यार."

मला त्या बायकांचं काही पडलं नव्हतं. हे वाचून कुणी गालात हसेल, हसू दे. मला पडली होती ती त्या टेबलावरच्या खुर्चीची. त्याला कारण होतं. माझी बायको तेव्हा साताऱ्यात होती, बँकेत नोकरीला. परीक्षा देऊन, मुलाखतींत पुरुषांना मागं टाकून मिळवलेली नोकरी. तिचे इकडचे कागद मंजूर झाले होते, आता यायचं की नाही एवढंच ठरायचं होतं. शेजारच्या वकिलांच्या घरी माझा फोन जायचा आणि ती दर वेळी एकच विचारायची. "तिथली माणसं कशी आहेत? नोकरी सोडून येण्याजोगी आहेत का, तेवढं सांगा. बाकीचं मी बघते." मी म्हणायचो, बघून सांगतो. इतक्या दिवसांत मी काय बघत होतो, हे तिलाही कळत नव्हतं आणि मलाही.

"सूट घालून ये," बॉस म्हणाला होता. "दारातला माणूस कपड्यांच्या बाबतीत फार कडक आहे."

माझ्याकडे सूट होता. लग्नात साताऱ्याच्या राजपथावरच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला चॉकलेटी सफारी सूट. अर्ध्या बाह्या, पुढं चार खिसे, खांद्यावर पट्ट्या, कापड असं की चुरगळायचं म्हणून नाव नाही. साताऱ्यात तो घालून मी कलेक्टर कचेरीत गेलो असताना शिपाई उठून उभा राहिला होता. शुक्रवारी तोच घातला, खिशाला पेन लावलं आणि त्या मंडळींच्या मागोमाग माझी गाडी घेऊन निघालो.

बाकीचे पुढं होते, ते बोलत बोलत आत गेले. मी पोचलो तेव्हा दार लागत होतं. दारात स्टुलावर एक धिप्पाड गोरा बसला होता, मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळू नये असा. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, हाताचा पंजा आडवा धरला आणि अगदी थंडपणे म्हणाला, "ब्राउन गोज अराउंड बॅक."

तपकिरी मागच्या दारानं. मी दोनदा मनात अर्थ लावून पाहिला आणि दोन्ही वेळा तोच लागला. कानशिलं तापली. मी परत गाडीत बसलो, ऑफिसात आलो आणि मशीनमधून खारी बिस्किटं काढून खाल्ली. त्या दिवशी डबाही आणला नव्हता.

जेवून आल्यावर बॉस थेट माझ्याकडं आला. "कुठं गायब झालास?" मी त्या माणसाचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. बॉस माझ्या सफारीकडं बघत राहिला आणि मग लालबुंद होईपर्यंत हसला. "अरे देवा, त्याला तू पार्सलवाला वाटलास," तो म्हणाला. तिकडं एका पार्सल कंपनीची माणसं डोक्यापासून पायापर्यंत तपकिरी कपडे घालतात, त्यांचे ट्रकही तपकिरी, म्हणून लोक त्यांना नुसतं 'ब्राउन' म्हणतात, असं त्यानं मला समजावून सांगितलं. मीही हसलो. पण मनात म्हटलं, खरं उत्तर इतकं झटकन सुचत नसतं. आणि 'सूट घालून ये' म्हणणारा हाच. माझी फजिती बघायलाच बोलावलं नसेल कशावरून?

तो शनिवार-रविवार मी तेच वाक्य चघळत काढला. तपकिरी कोण? सफारी की मी? शनिवारी संध्याकाळी, म्हणजे साताऱ्यातल्या रविवार सकाळी, फोन लावला. तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "बघून सांगतो," आणि या वेळी ते खरं होतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. ब्रेक आवाज करत असेल तर एका वेळी एकच पार्ट बदलायचा. चार एकदम बदलले तर आवाज थांबतो, पण दोष कशात होता ते कधीच कळत नाही. मी ठरवलं, कातडी तीच ठेवायची, कपडे बदलायचे. मॉलमध्ये जाऊन निळा ब्लेझर घेतला, टाय रूममेटचा. "मी पण येतो," रूममेट म्हणाला. "सायंटिफिक कारणासाठी."

पुढच्या शुक्रवारी सकाळी मला असेंब्ली लाइनवर जावं लागलं आणि मी थेट तिथूनच क्लबवर पोचलो. रूममेट दारापाशी उभाच होता. दारातल्या माणसानं त्याला मान हलवून आत सोडलं. माझा ब्लेझर पाहिला, टाय पाहिला, मग नजर खाली नेली. "नो वर्क बूट्स." पायात कारखान्यातले पुढं लोखंड असलेले बूट होते, ग्रीसनं माखलेले. मी मागं फिरलो. रूममेट फिरला नाही. तो पोटभर जेवून घरी आला आणि चिकन कोरडं होतं म्हणाला.

"तुला कसं सोडलं?" मी विचारलं.

"अरे यार, माझा सूट होता, शूज होते. तुझे बूट बघ ना जरा."

"तू घारागोरा आहेस. तुला सगळे इटालियन समजतात."

तो आपले घारे डोळे माझ्यावर रोखून बघत राहिला. "हे गोरं-काळं पण साताऱ्याहून पार्सल करून आणलंस का?" म्हणाला आणि झोपायला गेला. त्याचा मला राग आला, कारण तो खरं बोलत होता. पण संशय काही गेला नाही. सफारी काढला तर बूट निघाले, बूट काढले तर उद्या मोजे निघतील. नाचता येईना, अंगण वाकडं, असंही म्हणता आलं असतं, पण नाचणारी आत होती आणि मी अंगणातच.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी बूट बदलले, पॉलिश केलं, केस चापून बसवले आणि मंडळींच्या बऱ्याच आधी जाऊन पोचलो. गाडी दारासमोर लावून आत बसून राहिलो. म्हटलं, आज आपण त्याला बघायचं.

आधी एक गोरा आला, मळकी जीन्स आणि टोपी. पंजा आडवा झाला. तो हुज्जत घालून, थुंकून निघून गेला. मग थ्री-पीस सूट घातलेला एक काळा गृहस्थ आला. दार उघडलं. माझं डोकं असं की पहिल्यांदा मला वाटलं, हे मुद्दाम चाललंय. माझ्यासाठी एवढा देखावा कोण आणि कशाला करेल, हे कळायला जरा वेळ लागला.

मग एक तपकिरी ट्रक येऊन थांबला. त्यातून सोनेरी मिशांचा, बर्फासारखा पांढरा माणूस खोकी घेऊन उतरला आणि सरळ पुढच्या दाराकडं चालू लागला. त्याच्या शर्टाचा रंग माझ्या सफारीचाच, खांद्यावर पट्ट्याही होत्या. स्टुलावरच्या माणसानं वरही पाहिलं नाही. "ब्राउन गोज अराउंड बॅक." तेच शब्द, तोच सूर. सोनेरी मिशा निमूटपणे मागच्या दाराकडं गेल्या.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण मी हिरमुसलो. दोन आठवडे जपलेला अपमान माझा नव्हताच, तो राजपथावरच्या शिंप्याचा होता.

मी उतरलो, दारापाशी गेलो. "नाइस कोट, सर," तो म्हणाला आणि दार धरून उभा राहिला. आत अंधार होता आणि दुपार असून थंडी. बॉस आणि मंडळी आली, खुर्च्या सरकवल्या, मला मध्ये बसवलं. मी स्टेजकडं एकदाच पाहिलं, तेव्हा वर नाचणारी पोरगी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. मग मी ताटातले उकडलेले बटाटे खाल्ले. शेवटी धीर करून बॉसला विचारलं, "इतके दिवस मला का नाही बोलावलंत?"

"तू रोज तो स्टीलचा डबा आणायचास," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, धर्मामुळं तुला बाहेरचं चालत नसेल. विचारणं बरं दिसेना. शेवटी म्हटलं, विचारून तर बघू."

म्हणजे ते मला दारातून परत पाठवत नव्हते, मीच रोज डबा घेऊन दारात बसत होतो. हे ऐकून मला त्याच्याविषयी खरंच माया वाटली. लगेच, हा गोड बोलतोय का, हेही वाटलंच.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला फोन लावला. आता सांगण्यासारखं काहीतरी होतं. मी म्हटलं, "अगं, माणसं बरी आहेत. कपडे बघतात फक्त. एका ठिकाणी जेवायला गेलो तर सफारी बघून दारातून परत पाठवलं. मग कोट घेतला, बूट घेतले, तेव्हा मला 'सर' म्हणाले."

ती हसली. "त्यात नवं काय? तुम्ही मला बघायला आलात तेव्हा तुमच्या झिजलेल्या चपला बघून बाबांनी दारातच नापसंत केलं होतं तुम्हाला. मीच म्हटलं, चपला बदलता येतील."

लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. तिकडं वकिलांच्या घरातला कुकर शिट्टी देत होता तेवढा ऐकू आला.

"अहो," ती म्हणाली, "दुपारच्या जेवणाला कोट लागतो, असं कसलं हॉटेल ते?"

"ऑफिसचे सगळे जातात तिथं."

"बायका असतात?"

"असतात," मी म्हटलं. खोटं बोलायचं नव्हतं.

"मग त्यांना काय घालावं लागतं?"

मी लाइन खराब आहे असं काहीतरी पुटपुटलो. लाइन त्या दिवशी स्वच्छ होती. माझा श्वाससुद्धा तिला ऐकू जात असणार.

"मी उद्या बँकेत राजीनामा देते," ती म्हणाली. "तिकीट काढा."