बॅन्डमास्तरांची परवानगी

दहिवलीच्या बॅन्डमास्तरांसमोर शिट्टी वाजवायची सोय नव्हती. कर्जत स्टेशनाबाहेरच्या सलूनमध्ये एकदा कारागीर दाढी करता करता सहज एक गाणं शिट्टीवर घोळवत होता. अर्ध्या गालाला फेस लावून बसलेले मास्तर खुर्चीतून उठले.

"ही चाल वाजवायची कुनाला इचारलंस?"

"मास्तर, पिक्चरमदलं गानं हाय. रेडिओवर लागतं."

"रेडिओनं मला इचारलं नाय. तू तरी इचार."

उरलेली अर्धी दाढी त्यांनी घरी जाऊन केली. कारागिराने फुकट करतो म्हटलं तरी ते त्या दुकानात पुन्हा गेले नाहीत.

लग्न होऊन मी कर्जतला आले तेव्हा वरातीला हाच बॅन्ड होता, त्यामुळे आमची ओळख पहिल्या दिवसापासूनची. मास्तर उंचीला बेताचे, गाल मात्र एखाद्या मोठ्या माणसाचे. क्लॅरनेट तोंडाला लागली की गाल फुगत आणि डोळे दिसेनासे होत. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे. हे कोट कल्याणच्या एका मोडलेल्या बॅन्डकडून घेतलेले. मोठा ढोलही तिथलाच. त्यावरचं जुनं नाव पांढऱ्या रंगाने झाकून मास्तरांनी वर आपलं नाव काढून घेतलं होतं, पण ढोलावर ऊन पडलं की खालचं नाव सरळ वाचता येई. ते मी वरातीतच वाचलं. पुढे इतकी वर्षं मास्तरांना पाहिलं, पण त्या ढोलाने सांगितलं त्याहून फारसं वेगळं काही कळलं नाही.

विद्या माथेरानची. लहानपणी तिथल्या एका हॉटेलात ते बशा धुवायला होते. सीझनला बॅन्ड यायचा, त्यातल्या क्लॅरनेटवाल्याचे बूट पुसून ते वाजवायला शिकले. सांगताना मात्र "आमी सायबाच्या हाटेलात शिकलो" असं सांगत, जणू साहेब स्वतः समोर बसून धडे देत होता. चालींचा कारखाना कल्याणला. नवा पिक्चर लागला की मास्तर लागोपाठ दोन खेळ बघत. पहिला डोळे उघडे ठेवून, दुसरा मिटून. परत येईपर्यंत गाणी डोक्यात बसलेली. शेवटचे एक-दोन सूर इकडचे तिकडे केले की गाणं त्यांचं. "शेपूट बदललं का जनावर आपलं," असं ते चारचौघांत बोलत आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. तेच गाणं शेजारच्या गावच्या बॅन्डने वाजवलं की मात्र सरपंचाकडे तक्रार जायची.

आता हे सगळं वरातींपुरतं राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण मास्तर कुस्त्यांत शिरले. आमच्या कर्जत-खालापूर भागात जत्रेच्या संध्याकाळी कुस्त्यांचा फड लागतो. आधी पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या, मग मोठ्या जोड्या. पूर्वी नुसता ढोल वाजायचा. मास्तरांनी पद्धत पाडली की प्रत्येक पैलवान आपल्या चालीवर फडात उतरणार. चाल मास्तर ठरवणार आणि पैलवानाने आदल्या दिवशी दहिवलीला येऊन ती मागून घ्यायची. पनवेलकडचा एक तगडा गडी न विचारताच आला. तो फडात पाऊल टाकायला आणि बॅन्ड बंद पडायला एकच गाठ पडली. हजार माणसांत चुरमुऱ्यावाल्याची ओरड तेवढी ऐकू येत होती. गडी गोंधळला, मातीला दोनदा नमस्कार केला, आणि त्या गोंधळातच चीतपट झाला. पुढल्या वर्षापासून सगळे पैलवान मुकाट दहिवलीला जाऊ लागले. मास्तर म्हणायचे, "ताकद त्यांची असल, पाय आमी उचलतो."

सगळ्यांत मान होता नथू पैलवानाच्या चालीला. नथू खालापूरकडचा, भात लावणारा गडी, आठ-दहा वर्षं कुणाला हरला नाही. तो संथ चालायचा, म्हशीसारखा. त्याच्यासाठी मास्तरांनी काढलेली चालही तशीच संथ होती. ती सुरू झाली की बसलेली माणसं न सांगता उभी राहत. मी स्वतः उभी राहिले आहे, कडेवर पोर असताना. ही चाल कुठल्या पिक्चरमधली, हे मात्र कुणाला सापडत नव्हतं. मास्तर म्हणत, "माझ्या डोस्क्यातली हाय." कुणी विश्वास ठेवला नाही. मीही नाही. चोराने एकदा विकत घेतलेली वस्तू दाखवली तर पावती मागतातच.

बाजारात आमचा फोटो स्टुडिओ. टीव्ही घरोघर आले तसं लग्नाच्या फोटोंवर भागेना, म्हणून आमच्या ह्यांनी उधार-उसनवार करून व्हिडिओ कॅमेरा आणला. शूटिंग हे करायचे आणि दोन व्हीसीआर जोडून नको तो भाग कापायचं काम माझ्याकडे, कारण ह्यांना काहीच कापवत नसे. नथू पैलवानाची शेवटची कुस्ती आहे असं कळल्यावर ह्यांनी त्याच्या गावची सगळी जत्रा टिपली. मुंबईला गिरणीत असलेल्या गावकऱ्यांनी कॅसेट आधीच सांगून ठेवल्या होत्या.

बाजाराच्या दिवशी मी तयार झालेली कॅसेट दुकानातल्या टीव्हीवर लावली. नथूची चाल सुरू झाली, रस्त्यावरची माणसं दारात गोळा झाली. तेवढ्यात मास्तर सुकट घेऊन समोरून चालले होते. त्यांना फक्त आवाज ऐकू आला. छत्री उगारून ते गर्दीत घुसले.

"कोन वाजवतंय? कोन हाय तो? भायेर काढा त्याला!"

गर्दी बाजूला झाली. एक जण म्हणाला, "मास्तर, तुमीच हाव."

टीव्हीत मास्तर गाल फुगवून वाजवत होते. छत्री हळूहळू खाली आली. जन्मभर वाजवलं, पण दुसऱ्या माणसासारखं उभं राहून त्यांनी स्वतःला कधी ऐकलं नव्हतं. छत्रीच्या दांडीवर त्यांची बोटं हलत होती. मला वाटलं, आता चहा मागवावा. पण चाल संपली आणि मास्तरांना आपण कोण ते आठवलं.

"भाऊ, कुनाला इचारलंत?"

हे म्हणाले, "पंचांना विचारलं, मास्तर. पैलवानांनाही विचारलं."

"पंच वाजवत व्हते का?"

"तुमचं नाव घालतो ना सुरुवातीला. मोठ्या अक्षरांत."

"पोरगी पळवून नेली आन् पत्रिकेत बापाचं नाव मोठ्या अक्षरांत घातलं, तर बापानं नाचायचं काय?"

हे कॅमेऱ्याची काच पुसू लागले आणि माझा स्वयंपाक व्हायचा होता. मी म्हटलं, "मास्तर, आता विचारते. हा आवाज राहू द्यायचा का?"

"आता? वाजवून झाल्यावर?"

"मग काढून टाकते."

याची त्यांची तयारी नव्हती. विनवण्या होतील, स्टूल येईल, चहा येईल, मग दुसरा चहा येईल, अशा बेताने ते आले होते.

"काडता येतो?"

"येतो. चित्र तसंच राहतं, आवाज पुसायचा आणि दुसरा भरायचा. बटण आहे तसं."

"आन् परत आनायचा तर?"

"परत येत नाही. शूटिंगच्या कॅसेटवर पुढचं लग्न भरलंय. आता ही एकच, कॉप्या अजून काढलेल्या नाहीत. नीट विचार करून सांगा."

नथूच्या गावचा एक जण मागून कळवळून म्हणाला, "मास्तर, ऱ्हाऊ द्या वो. आमच्या पैलवानाची चाल हाय ती."

हे त्याने बोलायला नको होतं.

"पैलवानाची? पैलवानानं बनवली? पुसा, वैनी."

मी कॅसेट मागे घेतली आणि कुणी न सांगता ती चाल पुन्हा एकदा लावली. मास्तरांनी ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत ऐकली. संपल्यावर म्हणाले, "पुसा." आणि सुकटीची पिशवी दुकानात विसरून निघून गेले. मी ती संध्याकाळी पोचती केली. आवाज त्याआधीच पुसला होता. सांगितलेलं काम मी उद्यावर टाकत नाही.

मुकी कुस्ती कोण विकत घेणार? म्हणून दहिवलीतल्याच बेंजो पार्टीच्या पोरांना विचारलं. हीच पोरं मास्तरांच्या वराती खाऊन बसली होती. "वाजवा, वैनी, कवा बी वाजवा! नाव बारीक टाकलं तरी चालंल," असं म्हणून त्यांनी टेप आणून दिली आणि वर वडापाव खिलवला.

ते जे काही तयार झालं त्याला तोड नाही. मास्तर छातीचा भाता करून फुंकताहेत आणि क्लॅरनेटमधून बेंजो टिंगटिंगतोय. मागे ढोलवाला एक टोला मारतो, त्यात चार ऐकू येतात. आणि त्या उड्या मारणाऱ्या ठेक्यावर नथू पैलवान आपला संथ चालत येतोय; ठेका मात्र असा, जशी काही त्याची चप्पल चोरीला गेलीय आणि वाळू तापलीय. नथूच्या गावात भाड्याचा रंगीत टीव्ही आणून आम्ही ती कॅसेट दाखवली. माणसं हसून हसून जमिनीवर आली. नथू तेवढा हसला नाही. मास्तर पुढच्या खुर्चीवर लाल कोट घालून बसले होते. ते उठले तसं हसणं थांबलं.

"वैनी, बेंजोवाल्यांना इचारलंत का?"

"विचारलं."

"आगुदर?"

"अगोदर."

"मंग बरोबर हाय."

असं म्हणून ते परत बसले आणि शेवटची कुस्ती निकाली होईपर्यंत हलले नाहीत. मास्तरांच्या नावावर मी आयुष्यभर वजाबाक्याच मांडल्या. पण त्या दिवशीचा हा आकडा मला काही केल्या वजा करता येत नाही.

पुढे वराती सगळ्या बेंजोकडे गेल्या. बॅन्डची पोरं खोपोलीच्या कारखान्यांत लागली, लाल कोट शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकातल्या शिपायाच्या कामासाठी जाऊ लागले. मास्तरांची छाती बिघडली, डॉक्टरांनी क्लॅरनेट बंद केली. डॉक्टरांनी बंद करताना त्यांना विचारलं नव्हतं, ही तक्रार शेवटपर्यंत होती. एका उन्हाळ्यात ते गेले. अंत्ययात्रेत वाजवायला बेंजोवाले आपण होऊन आले होते. मास्तरांच्या बायकोने, सगुणाबाईंनी, त्यांना हात जोडून परत पाठवलं.

आणि मग, नेहमीप्रमाणे, माणूस गेल्यावर लोकांना त्याची चाल हवीशी झाली. नथू पैलवान दुकानात आला, कॅसेट लावायला सांगितली, आणि स्वतः टीव्हीचा आवाज बंद करून पडद्यावरच्या नथूसाठी तोंडाने चाल म्हणू लागला. सुरुवात बरोबर होती. पण पुढे वळणावर त्याचं गाडं घसरलं आणि रेडिओवरच्या एका प्रेमगीतात जाऊन पडलं. त्याचं त्यालाच कळलं.

"वैनी, फुडं काय व्हतं वो?"

मला तरी कुठे येत होतं? त्याच्या गावात म्हणे आता ही कॅसेट आवाज बंद करूनच लावतात. प्रत्येक घर वेगळी चाल म्हणतं आणि शेजारच्या घराची चाल पिक्चरमधली आहे म्हणून भांडतं.

मला अर्धवट काम आवडत नाही. टेपरेकॉर्डरमध्ये कोरी कॅसेट घालून मी दहिवलीला गेले. सगुणाबाई चुलीपुढे पीठ मळत होत्या.

"सगुणाबाई, नथू पैलवानाची चाल तुम्हाला येत असेल."

"येती की. ह्या चुलीम्होरंच केली त्यांनी. मी भाकरी थापायची आन् ते सूर हुडकायचं. आख्खा पावसाळा चाललं व्हतं."

"म्हणजे पिक्चरमधली नव्हती?"

"पिक्चर मला काय ठावं! मला कदी न्हेलंय कल्यानला?"

पावती मिळाली ती अशी. मी टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला. "मग म्हणा. मी भरून घेते."

"नाय, वैनी. एकदा पानी भरताना गुनगुनले, तर मलाच म्हनाले, कुनाला इचारलंस? तवापास्नं तोंडातून काडली नाय."

"अहो, आता कोण विचारणार आहे तुम्हाला?"

"त्येच म्हनते मी. आता इचारायचं कुनाला?"

मी चिडले. म्हटलं, तुम्ही दोघंही एकाच मापाची. त्यांनी ते ऐकलं न ऐकलं केलं, तवा चढवला आणि भाकरी थापायला घेतली. दोन थापा सावकाश, मग उसंत, मग एक जड थाप. पुन्हा दोन, उसंत, एक. चाल नव्हती ती, नुसता ठेका. पण त्यावर कोण चालत येतंय हे मला लगेच कळलं. माझं बोट बटणावर गेलं.

त्यांचा हात थांबला नाही. नजर मात्र माझ्या बोटावर आली.

"इचारलंत का, वैनी?"

मी बोट काढून घेतलं. भाकरी तव्यावर फुगली तेव्हा त्यांनीच मला विचारलं, "खानार का?" मी हो म्हटलं.