चिंधूची फिरती खुर्ची

चिंधू अंबाडीच्या आतल्या एका गावचा. काल्हेरला फर्निचरच्या गोडाऊनवर तो कित्येक वर्षं रात्रपाळीचा वॉचमन होता. मागच्या गेटला बसायला एक पालथा प्लॅस्टिकचा क्रेट आणि त्यावर घडी घातलेलं गोणपाट, एवढीच त्याची बैठक. पण त्याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नाही. बसायला मिळतंय हेच पुष्कळ, अशा मताचा माणूस.

मग ती खुर्ची आली.

काळी, चाकांची, गरकन फिरणारी, डोकं टेकायला उशी असलेली. हाताला ओरखडा आहे म्हणून कुणा गिऱ्हाइकाने परत पाठवलेली. परतीचा माल मागच्या गेटजवळ ठेवायची पद्धत होती. गोडाऊनचा सुपरवायझर देवेश, अंजूरचा तरुण मुलगा, सहज म्हणाला, "काका, कंपनीची गाडी येईपर्यंत बसा हिच्यावर. खोक्यावर कुठे अवघडून बसता?"

"नको साहेब, खराब झाली तं?" असं म्हणत चिंधू बसला.

सुरुवातीला तो खुर्चीच्या अगदी कडेला बसायचा, व्याह्यांच्या घरी बसतात तसा. मग हळूच पाठ टेकली. मग घरून टॉवेल आणून खुर्चीवर घातला. पुढे पुढे तर चहाला जाताना तो खुर्ची साखळीने गेटला बांधून जाऊ लागला. आत लाखोंचा माल, आणि कुलूप खुर्चीला! एकदा हमाल महादू जरा टेकला, तर चिंधू धावलाच.

"ऊठ, ऊठ. स्प्रिंग बसंल तिची."

"तुझ्या बापाची हाय का?"

"माझीच हाय!" चिंधू बोलून गेला, आणि आपण काही वावगं बोललो असं त्याला वाटलंही नाही. जुना क्रेट त्याने उदार मनाने महादूला देऊन टाकला.

अशातच पुढच्या गेटचा दिवसपाळीचा वॉचमन काम सोडून गेला. देवेशने आधी चिंधूलाच विचारलं. "काका, पुढचं गेट घ्या. दिवसाची ड्युटी, केबिन आहे, पंखा आहे. पगारही थोडा जास्त."

"बसायला काय हाय?"

"साधी फायबरची खुर्ची."

"फिरते?"

"काका, गेटवर बसून तुम्हाला कुठे फिरायचंय?"

"सोमवारी सांगतो," चिंधू गंभीरपणे म्हणाला.

"सांगा. पण महादूपण मागतोय, लक्षात ठेवा."

घरी बायकोला, काशीला, हे कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "इतकी वर्सं मी नवरा निजलेलाच बघते. तुमाला उठवायचं, जेवू घालायचं, कामाला लावून द्यायचं. आता देवानं दिवसपाळी दिली तं तुमी खुर्ची बघताय?"

"अगं, पन असली खुर्ची सोडायची म्हंजे..."

"महिन्याखाली खोक्यावर बसत व्हतात. तवा ही ड्युटी दिली असती तं नाचत गेला असता."

"तवाचं येगळं," चिंधू म्हणाला. "तवा माझ्याकडं जाण्यासारखं काय व्हतं?"



दुसऱ्या दिवशी काशी अंबाडीच्या बाजारात मीठ आणि सुकी मासळी आणायला गेली. वाटेत कासाराचं दुकान. हा कासार बांगड्या घ्यायच्या का, असं कधी विचारतच नाही. "हात तर द्या, वहिनी. घालून बघा, नाही आवडल्या तर काढू," म्हणतो आणि मनगट भरून टाकतो. भरल्या हाताच्या बांगड्या काढायला लावणारी बाई त्या बाजारात अजून जन्मायची आहे. काशीही हिरव्यागार बांगड्यांचे पैसे देऊ लागली. देता देता हाताकडे पाहून थबकली आणि एकटीच हसली. तिथूनच तिने देवेशला फोन लावला.

"दादा, मी चिंधूची घरवाली. त्यांना ड्युटी देऊ नका. आठ दिवस उसनी द्या. म्हनावं, मानूस न्हाय, तेवढं धकवा. खुर्ची तुमचीच, मागं येऊन बसा."

साहेब अडलेत म्हटल्यावर चिंधू तयार झाला. आपल्या जागी मागच्या गेटला आलेल्या महादूला त्याने खुर्चीवर उड्या न मारण्याची शपथ घातली आणि पुढे गेला.

केबिनमध्येही तो आधी खुर्चीच्या कडेलाच बसला. मग पंखा एकवरून तीनवर आला. ट्रकवाले "चाचा, सलाम" म्हणू लागले, आणि चिंधू "आने दो, आने दो" करत हात हलवू लागला. संध्याकाळी घरी तव्यावरची भाकरी, रात्री अंथरुणात झोप. आठवडा सरेपर्यंत भिंतीवर कॅलेंडर लागलं, डबा अडकवायला खिळा ठोकला गेला, आणि फायबरच्या खुर्चीवर टॉवेल आला.

आठव्या दिवशी देवेश तोंड पाडून आला. "काका, ठरल्याप्रमाणे उद्यापासून मागचं गेट."

चिंधू उभाच राहिला. "आणि माझी ड्युटी कुणाला देताय?"

"तुमची कुठे? उसनी होती ना."

"साहेब, इतकी वर्सं इमानानं काम केलं. आता असं हातचं काढून घेता?"

"मग तुमची फिरती खुर्ची?"

चिंधू वरच्या पंख्याकडे पाहून म्हणाला, "तिचं चाक तसं करकरायचंच जरा."

ड्युटी कायम झाली.

पुढच्याच आठवड्यात कंपनीची गाडी आली आणि परतीचा माल घेऊन गेली. महादू तणतणत केबिनवर आला. "माझी खुर्ची नेली त्यांनी!"

"तुझ्या बापाची व्हती का?" चिंधू पंख्याखाली पाठ टेकून म्हणाला. "तुला खोका दिलाय ना मी? बस की त्याच्यावर."

संध्याकाळी हा किस्सा काशीला सांगताना त्याला हसू आवरेना. "दुसऱ्याच्या वस्तूत एवढा जीव अडकवतात का गं मानसं?"

काशी भाकरी थापत होती. हात हलला तशा बांगड्या वाजल्या. जागेपणी घरात बसायची सवय आता कुठे लागत होती, म्हणून त्याचं लक्ष गेलं.

"नव्या घेतल्यास का?"

"न्हाय वो," काशी भाकरी उलटत म्हणाली. "नुसत्या घालून बघितल्यात. न्हाय आवडल्या तं काढीन."