घाणीच्या तेलावर चाललेली सायकल

जवसाचं तेल जळल्याचा वास आला की माझं डोकं उठतं. आमच्या घरी फोडणीला तेच तेल असायचं, त्यामुळे तो वास लहानपणापासून नाकातला. पण कढईतला वेगळा आणि इंजिनातला वेगळा. इंजिनातला घशात उतरतो आणि तिथेच बसून राहतो. शेजारणी नाकाला पदर लावून फाटकापाशी यायच्या. "काय जळून राहिलं वं तुमच्या घरी?" मी सांगायचे, "दादाचं डोकं."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही शहरात, सक्करदऱ्याला राहायचो. दादा कुठल्याच कामावर टिकत नव्हता, पण फटफटीवरून हिंडायची हौस दांडगी. त्याच सुमाराला काटोलचे संत्र्याचे बागायतदार त्यांच्या मुलासाठी मला पाहून गेले होते. मुलगा पूर्ण वेळ पोह्यांच्या बशीत बघत होता. पुढे दादा बोलणी करायला म्हणून काटोलला गेला आणि पोत्यात एक इंजिन घेऊन परतला. झाडांवर औषध फवारायच्या पंपाचं जुनं, छोटं इंजिन.

"त्याइनं सोताहून देल्लं," तो बाबांना म्हणाला. "होनाऱ्या साळ्याले, कौतुकानं."

बाबांची छाती फुगली. इंजिन न्हाणीतल्या दगडावर ठेवलं गेलं, कारण तिथे पाणी सांडायला मोकळीक होती. किती वर्षांचं औषध, ग्रीस आणि धूळ त्याच्या अंगावर साचून घट्ट झाली होती, आणि त्या थरात मेलेल्या माश्या अडकल्या होत्या. गंधकाचा उग्र वास मारायचा. आम्ही आंघोळ तिथेच करत होतो. दादानं तो थर आईच्या उलथन्यानं खरवडला आणि उलथनं परत चुलीपाशी नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी भाकरी खाल्ली नाही. आईनं उलथनं राखेनं घासलं आणि मला म्हणाली की, नाटकं करू नको.

हे इंजिन सायकलला बसवायचं ठरलं. दादाच्या सायकलची दांडी मध्ये येत होती. माझ्या लेडीज सायकलला दांडी नव्हती, मधली जागा मोकळी होती. एका सकाळी मी उठून बाहेर आले तर माझी सायकल अंगणात उलटी पडलेली, चाकं वर.

त्या सायकलवर माझं सगळं अवलंबून होतं. मी बी.एड.ला होते आणि बाबांनी मला सरळ सांगून ठेवलं होतं: पास झालीस तर नोकरी कर, नापास झालीस तर काटोल. परीक्षेचा शेवटचा पाठ शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत घ्यायचा होता. मी दादाशी कडाडून भांडले.

"काहून बोंबलून राहिली?" तो म्हणाला. "तुयासाठीच त करून राहिलो. पायडल मारायची कटकटच नाही."

मग त्याचे मित्र जमले. अंगणात उकिडवे बसायचे, खर्रा चघळायचे आणि तुळशीच्या बुंध्याशी थुंकायचे. पट्ट्या ठोकून इंजिन सायकलच्या पोटात कसलं, मागच्या चाकाला जास्तीची पुली लावली, चक्कीचा जुना पट्टा कापून शिवून त्यावर चढवला. बाबा खुर्ची टाकून बघत बसायचे. माझ्या अभ्यासाकडे त्यांनी इतक्या कौतुकानं कधी पाहिलं नव्हतं.

या इंजिनाच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, एवढं दादाला ठाऊक होतं. कुठलं, ते त्यानं कोणाला विचारलं नाही. बाबांनी निकाल दिला, "बजारात समदी भेसळ. आपल्या वावरातल्या जवसाचं घानीचं तेल हाय घरी, शुद्ध. तेच टाक." आमच्या घरात घाणीच्या तेलाविरुद्ध बोलणं म्हणजे आजोबांविरुद्ध बोलणं. आईनं बरणीच काढून दिली. तिनं इंजिनाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि ते सुरू झालं. धूर असा निघाला की घरातली वाळत घातलेली लुगडी पुन्हा धुवावी लागली, अर्थातच मला. दादा मात्र राजा होऊन गल्लीत फिरत होता.

जवसाचं तेल सुकलं की चिकट, कडक होतं. म्हणूनच सुतार ते लाकडाला लावतात. हे बाबांना माहीत होतं, आमच्या दाराच्या चौकटीला त्यांनी स्वतः लावलं होतं. पण घरचं तेल इंजिनातही तेच करेल, हे कोणाच्या डोक्यात शिरलं नाही.

पाठाच्या दिवशी दादा गाढ झोपला होता आणि त्याची सायकल पंक्चर होती. मी तेच धूड बाहेर काढलं. अर्ध्या रस्त्यात इंजिनानं घरघर केली आणि गच्च झालं. त्याबरोबर मागचं चाकही अडकलं आणि मी रस्त्यावर आडवी. पिशवीत तक्ते कापायचं ब्लेड होतं. त्यानं मी चक्कीचा पट्टा कापला आणि ते मेलेलं इंजिन गुडघ्यांमध्ये घेऊन पायडल मारत शाळेत पोचले. हात काळे, पातळाला तेल, तक्त्यांवर बोटांचे ठसे. तशीच वर्गात उभी राहिले. पाठ चांगला झाला. पास झाल्याचं पुढे निकालात कळलं.

घरी आले. बाबा इंजिनापाशी उकिडवे बसले. पाठाचं त्यांनी विचारलंही नाही. कापलेला पट्टा हातात घेऊन म्हणाले, "त्याइचं इंजिन आपन खराब केलं. आता त्याइले नाही कोन्या तोंडानं म्हनाव?"

"मी पास होनार हाय," मी म्हणाले.

"पास झाली त काय? मानसाच्या शब्दाले काही किंमत हाय की नाही?"

बाबांच्या बोलण्यावर दादा मान डोलावत होता. मला त्या घराची किळस आली. माझ्याच माणसांची किळस, आणि ती लपवावी असंही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः नट सोडले, इंजिन त्याच पोत्यात बांधलं आणि काटोलची एस.टी. पकडली. मुलाची आई अंगणात संत्री निवडत बसली होती. मी पोतं तिच्यापुढे ठेवलं.

"हे तुमचं. आमच्याकडून बिघडलं. पन लग्नाचं नाही जमनार, मावशी."

तिनं पोत्याचं तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. "अवं, हे त भंगारात पडलं होतं. तुया भावानंच मांगतलं. म्हने, हे द्या, बहिनीले मी राजी करतो."

बाई वाईट नव्हती. तिनं माझे हात पाहिले, मोरीपाशी नेलं आणि साबण काढून दिला. मी खूप वेळ हात चोळत राहिले. काळं निघालं, वास निघाला नाही.