सख्खं मूळ, चुलत मूळ

नाकोबाचं खरं नाव वखारीत कुणालाच ठाऊक नव्हतं. वाळलेल्या औषधी मुळ्यांची ती वखार, आणि माल तपासणं हे त्याचं काम. पोतं उघडायचं, मूठभर तुकडे तळहातावर चुरडायचे, नाकाशी न्यायचे आणि एकच शब्द बोलायचा: सख्खं, नाहीतर चुलत.

सांधेदुखीवर तिथे एक मूळ विकलं जायचं. त्याच कुळातलं दुसरंही एक झुडूप होतं. त्याची फुलं निराळी, पण मूळ सोलून, कापून वाळवलं की दोन्ही जुळी भावंडं. म्हणून वखारीतल्या लोकांनी एकाला सख्खं आणि दुसऱ्याला चुलत म्हणायला सुरुवात केली. गुण दोन्हींत होता. एका कुळातली झाडं बरीचशी सारखीच द्रव्यं तयार करतात. फरक असतो तो प्रमाणाचा आणि एखाद्या जास्तीच्या द्रव्याचा. सख्खं मूळ सावकाश गुण द्यायचं आणि कुणाला कधी बाधलं नव्हतं. चुलत मूळ झटपट गुण द्यायचं, आणि तेवढ्यात आत यकृत पोखरत जायचं. वाळल्यावर वखारीत ओळख पटायची ती फक्त वासाने. सख्ख्याला ओल्या खडूचा वास, चुलत मुळाला कच्च्या बटाट्याचा.

"प्रयोगशाळेकडून उत्तर यायला आठवडा जातो," मालक सांगायचे. "आमचे नाकोबा नुसते शिंकले तरी उत्तर मिळतं."

मग नाकोबाला ताप आला. ताप उतरला, नाक मोकळं झालं, पण वास काही परत आला नाही. साबण, रॉकेल, करपलेलं दूध, सगळं सारखंच. येईल आज ना उद्या, म्हणत त्याने कुणाला सांगितलं नाही. नाकावर पोट भरणाऱ्या माणसाने सांगावं तरी काय? तो पोतं उघडायचा, तुकडे चुरडायचा, सवयीने डोळे मिटायचा. "सख्खं." माल पाठवणारा जुना होता, भरवशाचा होता. तेवढाच आधार.

पुढे गिऱ्हाइकं खूश होऊन येऊ लागली. "या वेळी काय आणलंत हो? आठवड्यात काठी सुटली माझी." मालकांनी आणखी माल मागवला. हमालांनी नाकोबाची पाठ थोपटली. "याचं नाक सोन्याने मढवा." नाकोबा हसला, पण सख्ख्या मुळाने आठवड्यात काठी सुटल्याचं त्याने आजवर ऐकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी जिन्यात वहिनी दिसली. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. गुडघ्यांनी बेजार झालेली वहिनी आज भरली बादली घेऊन चढत होती, कठड्याला हात न लावता.

"बघताय काय भावजी? म्हातारी उड्या मारायला लागली."

"मुळाचा काढा घेताय ना?"

"हो तर. तुम्हीच नवी पिशवी आणून दिलीत. आता दोन्ही वेळा घेते. गुण येतोय तर कंजुषी कशाला?"

घरात गॅसवर पातेलं उकळत होतं. तो वाफेवर वाकला. चेहरा ओला झाला, एवढंच.

"वहिनी, याला वास कसला येतो?"

"मला काय विचारता? नाक तुमचं."

"सांगा ना."

तिने हुंगलं. "बटाटा सोलल्यासारखा. का हो?"

त्याने गॅस बंद केला, काढा मोरीत ओतला. "मला वासच येत नाही, वहिनी. तापापासून."

तिने त्याच्या हातातलं रिकामं पातेलं काढून घेतलं. मग म्हणाली, "आणि मी साऱ्या शेजारात सांगत सुटले, आमच्या भावजींनी पारखलेला माल आहे म्हणून." ती खिडकीकडे वळली, तेव्हा तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला. उतरतं ऊन असेल, असं त्याला वाटून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासून डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं. नाकोबा तिथून थेट मालकांसमोर जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

मालकांनी साफसफाईच्या अमोनियाची बाटली उघडून त्याच्या नाकाखाली धरली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं.

"आला की वास."

"वास नाही मालक, झोंबलं."

"तेच ते. तुमच्या वहिनींना आधीचंच काही दुखणं असेल. लोकांना गुण येतोय ना? मग चुलत असलं तरी घरचंच की."

 नाकोबा मागे गेला, नळाला पाइप लावला आणि पोत्यांवर पाणी सोडलं. हमालांनी दंडाला धरून त्याला बाहेर काढेपर्यंत बहुतेक पोती भिजून काळी पडली होती.

पण विकलेला माल घराघरांत जाऊन बसला होता. ओल्या कपड्यांनीच तो आपल्या गल्लीत आला आणि शेजारचं दार वाजवलं. काठीशिवाय पाऊल न टाकणारे आजोबा रिकाम्या हातांनी दार उघडायला आले.

"आजोबा, ती औषधाची पिशवी परत द्या. माल चुकीचा आलाय."

आजोबा आत गेले, पिशवी घेऊन आले आणि ती छातीशी धरून त्याच्याकडे बघत राहिले.

"मला बरं वाटतंय," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.