आत्यांची बटेरं

बटेरांचं खूळ माझ्या डोक्यात मोबाईलनं घातलं. मी बारामतीत एका सीएच्या ऑफिसात कामाला जाते. दुपारी डबा खाताना व्हिडिओ बघायची सवय, आणि एकदा बटेरांचा एक बघितला की पुढं मोबाईल दुसरं काही दाखवीचना. लव्हाळ्यात भुर्रकन उडणारी लाव्हरी मी लहानपणी बघितली होती. ही पाळीव बटेरं तिच्याच जातीची, पण पिंजऱ्यात मुकाट राहणारी, जागा थोडी, खाणं थोडं, आणि अंडी भराभर. घरात माझं म्हणून एक काहीतरी असावं, असं फार दिवस मनात होतं. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "आधी कुंडीतला मोगरा जगवून दाखव." मग तर मी हट्टालाच पेटले.

लोणी भापकरला माझा मावसभाऊ बटेरं पाळतो. त्याच्याकडून ठिपक्याठिपक्यांची अंडी आणली, आणि त्यानंच थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, पाण्याची वाटी आणि ऊब मोजायचा काटा बसवून दिला. अंडी दिवसातून तीन-चारदा फिरवायची, म्हणाला. इथं सगळं घोडं अडलं. मी सकाळी जाते ती दिवेलागणीला येते. लासुर्ण्याबाहेर उसाच्या कडेला आमची वस्ती, घरात दिवसभर माणूस एकच, माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

आत्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आमच्या घरी मटण शिजतं ते मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात, आणि त्या दिवशी आत्या जेवायला पुढच्या ओट्यावर बसतात. कुणाला बोलत नाहीत, नाक मुरडत नाहीत. म्हणून विचारताना मी जरा चाचरतच होते.

"कापाया न्हाईत ना?" त्यांनी एवढंच विचारलं.

"न्हाय आत्या. अंड्यांसाठी."

"मग ठेव हितं."

त्या वेळी मी खरं बोलले होते. हे मी स्वतःला अजूनही अधूनमधून सांगत असते.

मी अंड्यांवर पेन्सिलीनं फुल्या मारल्या होत्या. आत्यांना चष्म्यातूनही त्या दिसेनात. त्यांनी प्रत्येक अंड्याला कुंकवाचं बोट लावलं. कुंकू वर, मग कुंकू खाली, असं त्यांचं चालायचं. थंडीचे दिवस होते आणि वस्तीवरची लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. लाईट गेली की त्या बाटल्यांत गरम पाणी भरून खोक्यात ठेवायच्या आणि वरून गोधडी घालायच्या. मी ऑफिसातून फोन केला की म्हणायच्या, "निजली हायेत, गप कर." अंडी निजतात, हे मला नवीनच होतं.

पिल्लं निघाली तेव्हाही मी ऑफिसातच होते. घरी येऊन बघते तो खोक्यात करवंदाएवढ्या पिवळ्या-तपकिरी जीवांची नुसती धावपळ, आणि आत्यांचं हसू ओठांत मावत नव्हतं. मी हौसेनं खाली छान गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलं. त्यावरून पाय घसरून एका पिल्लाचे पाय दोन्हीकडे फाकले. ते तिथंच फतकल मारून बसलं. मी रडकुंडीला आले. आत्यांनी कागद काढून गोणपाट घातलं आणि त्या पिल्लाचे पाय लोकरीच्या दोऱ्यानं अलगद बांधले. ते वाचलं, पण चालताना एका बाजूला कलायचं. त्याला सगळे लंगड्या म्हणू लागले.

आत्या दाणा टाकताना "ती ती ती" करायच्या. मी आले की जाळीच्या कोपऱ्यात चिकटून बसणारी ती बटेरं या हाकेला मात्र एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत यायची. मला हेवा वाटायचा. खूळ माझं आणि पाखरं त्यांची झाली, असं मी नवऱ्याला चिडून म्हटलंसुद्धा.

दीडेक महिन्यात छातीवर तांबूस रंग आलेले नर आणि ठिपकेवाल्या माद्या ओळखू यायला लागल्या. निम्मे नरच निघाले. ते दिवसभर माद्यांच्या मागं लागायचे, चोचींनी त्यांच्या डोक्यावरची पिसं उपटायचे. एका मादीचं डोकं रक्तानं माखलेलं बघून मी मावसभावाला फोन लावला. "नर काढून टाक ताई," तो म्हणाला. "चार-पाच माद्यांत एक बास. बाकीचे ढाब्यावाले नेत्यात." माझ्या डोक्यात हे आधी का आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. व्हिडिओत तो भाग मी बहुतेक पुढं ढकलला असावा.

आत्या एकादशीला देवळात भजनाला जातात. तेवढ्यात उरकावं, म्हणून मी सुट्टी टाकली आणि इंदापूरच्या रस्त्यावरच्या एका ढाब्याचा माणूस बोलावला. आत्या देवळात गेल्या, पण तो आलाच उशिरा. मोटारसायकलवर मागं प्लॅस्टिकचं जाळीचं खोकं. मी पिंजऱ्याचं दार उघडून हात घातला मात्र, बटेरं उसळली. काही माझ्या तोंडावर, काही अंगणात, काही थेट उसाच्या सरीत. तो माणूस एकीकडून, मी दुसरीकडून. गोंधळ ऐकून पलीकडच्या घरातली माझी जाऊ आली, शेजारच्या दोघी आल्या. सगळ्यांना हसू आवरेना, आणि तेवढ्यात आत्या देवळातून परतल्या.

"काय चाललंय?"

"नर जास्त झाल्यात आत्या. हे न्यायला आल्यात."

आत्यांनी त्या माणसाला विचारलं, "पाळणार का रं बाबा?"

तो माझ्याकडे बघायला लागला. जाऊ बघत होती. दोघी शेजारणी बघत होत्या. मला खरं सांगायला एक क्षण मिळाला होता, चांगला लांबलचक क्षण.

"व्हय आत्या," मीच म्हणाले. "पाळायलाच नेत्यात."

आत्यांनी एकदा त्या खोक्याकडे बघितलं. मग खाली बसल्या, पदरात दाणे घेतले आणि हाक मारली, "ती ती ती." उसातून, बाजेखालून, पाण्याच्या टाकीमागून ती सगळी त्यांच्या पायांशी आली. लंगड्या शेवटी आला. आत्यांनी एकेक नर दोन्ही हातांनी उचलून खोक्यात ठेवला. लंगड्याला ठेवताना त्या माणसाला म्हणाल्या, "ह्याला पाणी खाली ठिवत जा. उंच भांड्याला त्याचं तोंड पुरत न्हाय."

"बरं आजी," तो म्हणाला आणि मान खाली घालून गाडी चालू केली.

माद्यांची डोकी भरून आली. नवी पिसं फुटली, अंडी सुरू झाली. सगळं मावसभावानं सांगितल्याप्रमाणं झालं. फक्त आत्या दाणा टाकताना हाक मारीनाशा झाल्या. मुकाट्यानं दाणे टाकायच्या आणि आत यायच्या. लंगड्याची चौकशी त्यांनी एकदाही केली नाही, आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटायची. गोठ्यातल्या वासरापासून माझ्या ऑफिसातल्या पंख्यापर्यंत सगळं विचारणारं माणूस ते. त्या ढाब्यापुढून स्कूटरवर जाताना मी मान दुसरीकडे वळवायला लागले. मग लक्षात आलं, की आत्या रात्रीच्या जेवायलाही बसत नाहीत. "भूक न्हाय," "पोट जड हाय," काहीतरी सांगायच्या. हे रोजचंच झालं.

एका रविवारी सकाळी त्या ओट्यावर बाजरी निवडत होत्या. मी समोर बसले. दुसरं काही बोलता येईना, म्हणून सरळच बोलले.

"आत्या, ते नर पाळायला नव्हते नेले."

त्यांचा हात थांबला नाही. "ठावं हाय."

सुपातली बाजरी पसरत त्या पुढं म्हणाल्या,

"मला माळ हाय, पर डोळं बी हायेत. त्याच्या खोक्याला पिसं चिकटली हुती, रगात वाळल्यालं."

"मग तुमी हाक का मारली?"

"चार माणसांत तू व्हय म्हणलीस. सुनंला समद्यांम्होरं खोटं पाडू व्हय?"

मी ढसाढसा रडले. माझ्यासाठी त्या खोटेपणात उतरल्या होत्या, आणि मी इतके दिवस फक्त माझं बिंग फुटायची काळजी करत होते. त्यांचा हात धरून म्हणाले, "पाप माझं हाय आत्या. तुमी कशाला उपास काढताय? जेवत जावा."

त्यांनी हात सोडवून घेतला, रागानं नव्हे, सुपात हात घालायचा होता म्हणून. एक खडा काढून अंगणात टाकला.

"तुझ्या हाताला ती पळालीच हुती की गं," त्या म्हणाल्या. "आली ती माझ्या हाकंला."