पिंपात चालणारी मोटर

भिगवणला मासे धरायच्या होडीला आम्ही जुनी मोटर बसवली होती. जावयासारखे तिचे लाड करावे लागत. थंड राहायला ती खालचं पाणी ओढायची, आणि उजनीचा गाळ नि शेवाळ तिच्या नळीत अडकायचं. सारखी मीच ती खोलून साफ करायचो. शेवटी वैतागून, कायमचा इलाज करून घ्यायला, पोत्यात बांधून एसटीनं पुण्याच्या डीलरकडं नेली. त्यानं नळाच्या पाण्यानं भरलेल्या पिंपात ती चालवून पाहिली. "काहीच बिघाड नाही," म्हणाला, आणि तपासणीचे पैसे घेतले. परत आणून होडीला लावली, तर काठापासून थोडं आत जाताच बंद पडली. होडीत जाळं धरून बसलेली बायको म्हणाली, "आता पिंपातच मासं धरू." मी वल्हं उचललं.