साऱ्या गावाला एक ट्यूब

माझी मोठी जाऊ वच्छलाबाई गेली, हे तिच्या मुलाने सायकलवरून येऊन सांगितलं, तेव्हा मी धान उन्हात घालत होते. रात्री जेवून झोपली, सकाळी उठली नाही. कुणाला त्रास नाही, कुणाची सेवा नाही... तिला शोभेलसंच. महिना होत आला. रडून झालं, आता आठवतं ते लिहिते.

गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात दवाखाना नव्हता. पेनिसिलीनचं मलम नवीन निघालं, तेव्हा वच्छलाबाईने, साऱ्या गावाच्या ‘बाई’ने, चांद्याहून एक ट्यूब आणून भिंतीतल्या देवळीत ठेवली. कुणाचा डोळा आला की तो बाईच्या दारात. ती पापणी ओढून ट्यूबचं टोक टेकवायची आणि लाली उतरली की लगेच थांबायची. दुसऱ्यालाही पुरायला हवं. एकदा शेजारच्या गंगूबाईच्या बैलाचाही नंबर लागला.

मग एका हंगामात धान चुरताना लोंबीचं टोकदार कूस तिच्याच डोळ्यात गेलं. तिने हक्काने आपलं मलम भरलं. लाली उतरेना, बुबुळावर पांढरं चढलं, दिसेनासं झालं. मी तिला मोटारीने चांद्याला नेलं. आधी काय घातलं, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तिने अभिमानाने सगळं सांगितलं, बैलासकट. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, थोडं घालून मधेच थांबलं की कमजोर जंतू मरतात, तगडे उरतात. मग ते त्या औषधाला दाद देत नाहीत, आणि ट्यूबच्या टोकावरून घरोघर जातात. डोळा वाचेलच असं सांगता येत नाही.

बाई माझ्याकडे वळून म्हणाली, “म्हंजे कमल, गावाचे डोरे राखता राखता मीच किडे पोसले?”

दुसरं औषध मिळालं, तासातासाला थेंब. मी घड्याळ घेऊन बसायचे. डोळा वाचला, बुबुळाच्या कडेला पांढरं फूल तेवढं राहिलं. लाली गेली तरी ती थेंब चुकवू देईना.

घरी येताच तिने ट्यूब चुलीत घातली. गंगूबाई म्हणाली, स्वतःचा डोळा बरा झाला आणि बाईचा हात आखडला. “बैलाचा डोरा अन् माहा डोरा एकाच ट्यूबात, बस झालं आता,” बाई म्हणाली. पुढे कुणाचा डोळा आला की ती त्याला स्वतः चांद्याच्या मोटारीत बसवून द्यायची, आणि औषध संपेपर्यंत रोज दारात जाऊन विचारायची.

तेरवीनंतर गंगूबाईचाच डोळा आला. परवा गेले तर डोळा स्वच्छ, तरी ती अंगणात मान वर करून बसलेली, सुनेच्या हातात बाटली. बरा दिसतोय की, मी म्हटलं.

“बरा हाये. पन दिवस भराचे हायेत,” ती म्हणाली. “नाई त बाई वरून ओरडन.”

थेंब पडेपर्यंत मी दारातच उभी राहिले.